बायकांची रांग

कॅनडातल्या वॉन गावी एका गोदामाच्या पार्किंगमध्ये हॉकी स्टिकचा पहिला फटका गाडीच्या पुढच्या काचेवर बसला आणि दुसरा वदादच्या खांद्यावर. वदादची किंकाळी गेटवरच्या केबिनमध्ये ऐकू आली तेव्हा नीलिमा साळुंखे चहाचा पहिला घोट घेत होती. चहा तिथेच सांडला. छप्पन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पायाखाली बर्फाचा काळा चिखल. पण सांगली जिल्हा पोलिसांत एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे धावताना पुढे काय करायचं याचा तिला विचार करावा लागला नाही. हातातला टॉर्च तिने आधी फेकून मारला.

टॉर्च हल्लेखोराच्या कानावर बसला. तोंडावर लोकरीचा मुखवटा, अंगात जाडजूड जॅकेट, दिसत होते ते फक्त डोळे. हल्लेखोराने वळून स्टिक नीलिमाच्या बरगड्यांत घातली. नीलिमाने ती तशीच काखेत दाबली, ओढली आणि जवळ आलेल्या पोटात गुडघा मारला. मग तोंडावर एक ठोसा. मुखवट्याची लोकर रक्ताने भिजली. खाली पडलेल्याचा हात पाठीमागे पिरगाळायला ती वाकली, तर मनगटाला असा काही कडकडून चावा बसला की तिची पकड सुटली. हल्लेखोर जॅकेटमधून अंग काढून घेऊन धूम पळाला आणि तिच्या हातात रिकामं जॅकेट राहिलं.

"चावतोस काय, मुडद्या!" नीलिमा मिरजेच्या मराठीत गरजली. "बाप्या माणूस असून चावतोस!"

वदाद टायरला टेकून बसली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ओठ पांढरे पडले होते. नीलिमाने फोन काढला तसा तिने चांगल्या हाताने तो दाबून धरला. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे एकमेकींचं बोलणं त्यांना छान समजायचं.

"पोलीस नको."

"कोण होता तो?"

"नवऱ्याच्या घरचं माणूस," वदाद म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

नीलिमाला तेवढं पुरलं. नवऱ्याच्या घरचं माणूस म्हणजे दीर. एकतीस वर्षांत तिने काय कमी दीर पाहिले होते? नाव काय, घरात कोण कोण, राहतात कुठे, हे एखाद्या नवशिक्या शिपायानेही विचारलं असतं. नीलिमाने विचारलं नाही. तिला सगळं ठाऊकच होतं म्हटल्यावर विचारायचं कशाला!

वदाद त्या गोदामात पॅकिंगला होती. शिफ्ट सुटली की गेटवर प्रत्येकाची बॅग तपासायची, हे नीलिमाचं काम. पानगळीच्या दिवसांत एकदा ती वदादची बॅग चाचपत असताना वदाद स्वतःशी काहीतरी गुणगुणली. नीलिमा सतार करणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. तिला गाता येत नव्हतं, पण गळा कळत होता. बॅग तशीच उघडी धरून तिने विचारलं, "यू सिंगर?" वदादने बॅग हिसकावली आणि पुढचे तीन दिवस ती दुसऱ्या गेटने गेली. चौथ्या दिवशी आपणहून आली आणि केबिनमधल्या हीटरपाशी बसून सगळं सांगून मोकळी झाली.

मोसुलमध्ये वदादचं नाव मोठं होतं. नवरा यूनुस ऊद वाजवायचा. फुगीर पोटाचं, आखूड मानेचं ते वाद्य छातीशी धरून वाजवतात. चाली तोच बांधायचा. बहिणीला नदीपलीकडच्या घरी दिलं तेव्हा तिच्यासाठी त्याने एक गाणं केलं होतं: 'पाणी उतरू दे, मी पलीकडे येतोच आहे.' त्याच गाण्याने वदादला घराघरात नेलं. मग असे दिवस आले की लग्नात गाणाऱ्यांच्या दारात, गाण्याला पाप म्हणणाऱ्या बंदूकवाल्यांच्या चिठ्ठ्या पडू लागल्या. एका लग्नाच्या आदल्या दिवशी तिलाही चिठ्ठी आली: गाशील तर मरशील. यूनुस म्हणाला, नको जाऊ या. वदाद म्हणाली, शब्द दिलाय. मांडवात ती तेच गाणं गात होती, लोक पहिली ओळ पुन्हा पुन्हा मागत होते आणि तिसऱ्यांदा ओळ उचलताना दोन माणसं बंदुका घेऊन आत आली. पहिल्या गोळीने ऊद फुटला आणि ऊदमागची छातीही. मग नवरीची आई पडली, डफवाला पडला, पाणी वाटणारी बाई पडली. यूनुस वदादच्या मांडीवर गेला. त्याच्या बहिणीने त्याच्या रक्ताने भरलेला हात सगळ्यांदेखत वदादच्या गळ्यावर पुसला आणि म्हणाली, "या गळ्याने खाल्लं माझ्या भावाला."

याला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत वदाद गायली नव्हती. बहिणीचं म्हणणं तिला खरं वाटत होतं, हीच तर गोम होती.

"पण ते गाणं तिथेच तुटलंय," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळेला. मला ते एकदा शेवटापर्यंत म्हणायचंय, लोकांसमोर. मग मेले तरी चालेल."

"मरायचं कशाला? मी आहे की," नीलिमा म्हणाली.

या सगळ्या हकिकतीतून नीलिमाने काय उचललं, तर बंदूकवाले दोन पुरुष. बहीण तिच्या कानावरून गेली.

हॅमिल्टनमधल्या इराकी मंडळींनी मार्चमधल्या एका रविवारी दुपारी वदादच्या गाण्याचा कार्यक्रम ठरवला, पोस्टर लागली आणि चार दिवसांत हॉकी स्टिक आली. त्यानंतर वदादच्या गाडीचे चारही विंटर टायर कुणीतरी फाडले. मग ती राहायची त्या बेसमेंटच्या खिडकीतून वीट आत आली, विटेला यूनुसचा फोटो बांधलेला. वदादने काचा झाडल्या, फोटो उशाखाली ठेवला आणि दुखरा हात झोळीत अडकवून रियाज सुरू केला. नीलिमाने बंदोबस्त हाती घेतला. मार्कहॅमहून तिची मुलगी अपूर्वा फोनवर ओरडली, "आई, तू सेक्युरिटी गार्ड आहेस, एसपी नाहीस! इथे यू कान्ट जस्ट हिट पीपल!"

"मग इथली माणसं मार खाण्यासारखं वागतात कशाला?" असं म्हणून नीलिमाने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर तिला आतून उकळ्या फुटत होत्या. एकतीस वर्षं ती बंदोबस्ताला गेली, गणपती म्हणू नका, उरूस म्हणू नका, मंत्र्यांच्या सभा म्हणू नका, आणि दर वेळी साहेब एकच वाक्य म्हणायचे, "साळुंखे, तुम्ही बायकांची रांग बघा." पुरुष शिपाई स्टेजपाशी, मोक्याच्या जागी. ही कनातीआड उभी राहून पर्सा उघडणार, पोरांची दुपटी झटकणार, डबे हुंगणार. एकतीस वर्षांत तिला त्या डब्यांत चिवडा, चपात्या आणि एकदा मेलेलं झुरळ सापडलं. तिच्यानंतर लागलेल्या पोरांनी स्टेजपाशी एखादा दारुडा पकडून शाबासकी मिळवली. आता इथे बंदोबस्ताची प्रमुख ती होती आणि बायकांची रांग बघायला ती काही कॅनडात आली नव्हती.

मदतीला गोदामातला दुसरा गार्ड होता, अरविंद. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधली नोकरी गेलेला, स्वभावाने गरीब. हॉलच्या दाराशी दोन रांगा लागल्या तेव्हा तो चाचरत म्हणाला, "मॅडम, मी लेडीजच्या लाइनले कसा उभा राहू? मले त्यांची झडती घेता येत नाही ना. तुम्ही तिकडे व्हा, मी जेन्ट्स चेक करतो."

"तुम्ही नुसतं स्माइल करायचं आणि आत सोडायचं, अरविंद. मारणारा पुरुष आहे. त्याच्या थोबाडावर मी स्वतः ठोसा घातलाय."

"पण प्रोटोकॉल…"

"प्रोटोकॉल गेला खड्ड्यात."

आणि तिने पुरुषांच्या रांगेला जे धारेवर धरलं! खिसे उलटे केले, बूट काढायला लावले, नाक मोडलंय का ते बघायला एकेकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. अबू फरीद नावाच्या पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याची तर काठीच काढून घेतली. बाजूने बायका अत्तराचा घमघमाट सोडत, डबे सांभाळत आत जात होत्या. त्यातली एक काळ्या कोटातली, पन्नाशीची बाई नीलिमापाशी थांबली. तिच्या हातात पत्र्याचा गोल डबा होता, घरी भाजलेल्या खजुराच्या बिस्किटांनी गच्च भरलेला. तिने एक बिस्किट नीलिमाच्या हातावर ठेवलं. तिच्या डोळ्याखाली पावडरीतून पिवळट डाग दिसत होता आणि नाक जरा वाकडं होतं.

नवरा मारत असणार बिचारीला, नीलिमाच्या मनात आलं. तिला खरोखर वाईट वाटलं. बिस्किट तोंडात टाकून तिने त्या बाईची पाठ थोपटली आणि आत सोडलं.

हॉल भरला. वदाद हिरव्या झग्यात, एक हात झोळीत, स्टेजवर आली. मागे ऊद, व्हायोलिन आणि डफ. पहिल्या गाण्याला तिचा आवाज चिरकला, दुसऱ्याला जरा बसला आणि तिसऱ्यात एक लांब तान घेऊन ती जागेवर आली तेव्हा हॉलमधून कुणीतरी घसा फोडून ओरडलं, "अल्लाऽह!" लगेच दुसरा ओरडला. बायकांनी जिभा नाचवून किलकारी मारली. नीलिमाच्या अंगावर काटा आला. मिरजेत गाणं कळणारा माणूस डोळे मिटून मान हलवतो, फार तर हळूच 'वा' म्हणतो. ओरडतो तो प्यालेला असतो आणि उठतो तो मारायला उठतो, हे तिचं एकतीस वर्षांचं शास्त्र.

आणि नेमका अबू फरीद उठला. दोन्ही हात वर करून, डोळ्यांत पाणी आणि तोंडाने आरोळी, असा तो खुर्च्यांना धडकत स्टेजकडे निघाला.

नीलिमाने त्याला चार ढांगांत गाठलं. हात पिरगाळला, पायात पाय घातला, तोंडावर आपटला. मनगट मोडल्याचा आवाज पहिल्या तीन रांगांनी ऐकला. मग हॉल फुटला. एक तरुण खुर्ची उचलून धावला आणि ती नीलिमाच्या पाठीत घातली. तिने उलट्या हाताने त्याचा ओठ फोडला. दुसऱ्याने तिचे केस धरले. अरविंद मध्ये पडला तर त्याचा चष्मा तुडवला गेला. नीलिमाच्या नाकातून रक्त येत होतं, पण म्हाताऱ्याचा हात तिने सोडला नव्हता.

"नीलिमा, सोड त्याला!" वदाद माइकवर ओरडली. "तो माझा ऐकणारा आहे! तो ओरडला नाही तर मी गाऊ कशी?"

त्यांच्याकडची रीतच ती होती. ओळ लागली की ऐकणाऱ्याने ओरडायचं, आणि ओरडला की गाणाऱ्याने ती ओळ त्याच्यासाठी पुन्हा म्हणायची. न ओरडणारा श्रोता म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. मोसुलमध्ये अबू फरीदच्या आरोळीशिवाय यूनुस दुसरं गाणं सुरू करत नसे. हे सगळं वदादने स्टेजवरून, रडत, मोडक्या इंग्रजीत नीलिमाला सांगितलं. तीनशे माणसं नीलिमाकडे बघत होती. तिने हात सोडला. म्हाताऱ्याला लोकांनी बर्फ लावायला बाहेर लॉबीत नेलं. आजवर तिने माणसं कमी मारली नव्हती, पण इतकी शरम तिला कधी वाटली नव्हती.

वदादने पुन्हा सूर लावला. आता कुणी ओरडेना. ती दांडगट बाई स्टेजखाली उभी असताना दाद देणार कोण? वदादचा आवाज पालथ्या भांड्याखालून आल्यासारखा येऊ लागला. ऊदवाल्याने तिच्याकडे बघून, थांबू या का, अशी मान हलवली. वदाद नाही म्हणाली. तिने डोळे मिटले आणि ते गाणं धरलं.

'पाणी उतरू दे, मी पलीकडे येतोच आहे.'

पहिल्यांदा ओळ आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने हळूच "आऽह" केलं. वदादने ओळ पुन्हा घेतली. आता चार जण ओरडले, मग दहा, मग भीती मोडली आणि सगळा हॉल ओरडू लागला. नीलिमा रक्ताचं नाक पुशीत हॉलकडे बघत होती, आणि आता तिला बघायचं कसं ते समजलं होतं. प्रत्येकाचं तोंड उघडं होतं. प्रत्येकाचा हात हवेत होता. फक्त चौथ्या रांगेच्या टोकाला काळ्या कोटातली बाई ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवरच्या डब्यात होते.

डब्यात. एकतीस वर्षं ज्या डब्यांवर ती चिडली, त्यातला हा एकच उघडून तळ बघायचा होता.

बाई उठली. बिस्किटं सांडली. खालून निघालेली सुरी वीतभर लांब होती. नीलिमा धावली, पण बाई आधी पोचली. पहिला वार वदादच्या गळ्यावर होता. वदादने झोळीतला हात वर केला आणि सुरी कापड, पट्टी आणि दंड फाडत गेली. रक्त माइकवर उडालं. दुसऱ्या वारासाठी हात वर गेला तेव्हा नीलिमाने तिच्या कमरेला विळखा घातला आणि दोघी स्टेजवरून खाली आदळल्या. नीलिमाने पातंच पकडलं. तळहात आरपार चिरला गेला, तरी तिने मूठ मिटलेलीच ठेवली. बाईने मान वळवली आणि नीलिमाच्या मनगटाला दात रोवले, जुन्या वणावर, नेमके त्याच जागी.

"तू?" नीलिमा म्हणाली. "तू होतीस होय!"

तिने त्या बाईचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं, सुरी लाथेने उडवली, बाईला पालथी केली आणि पाठीवर गुडघा रोवून सगळं वजन टाकलं. हॉलमध्ये किंचाळ्या, पळापळ, खुर्च्या पडत होत्या. अरविंद चष्म्याविना फोनवर ओरडत होता, "पोलीस! ॲम्ब्युलन्स! हॅमिल्टन!"

"सबीहा," स्टेजवरून वदाद म्हणाली. तिच्या बोटांतून रक्त ठिबकत होतं. "यूनुसची बहीण. तीही इकडेच राहते."

खालून सबीहा काहीतरी थुंकल्यासारखं बोलली. अरबी नीलिमाला येत नव्हतं, पण बाईने हात सोडवून बोट वदादच्या गळ्याकडे दाखवलं तेव्हा तिला अर्थ कळला. सतरा वर्षांपूर्वीचंच वाक्य होतं ते.

वदादला लोक हाताला धरून खाली ओढत होते. तिने त्यांना झटकलं. दंड दुसऱ्या हाताने दाबून ती स्टेजच्या कडेला आली, सबीहाच्या डोक्याच्या बरोबर वर, आणि माइकशिवाय, वाद्यांशिवाय, तिसऱ्यांदा ओळ उचलली.

आवाज फाटका होता. पळणारे लोक दारातच थांबले. लॉबीतून मोडक्या मनगटाला बर्फ बांधलेला अबू फरीद आत आला आणि चौकटीला टेकून त्याने आरोळी ठोकली, "अल्लाऽह!" ऊदवाला टेबलाखालून बाहेर आला. वदाद तिसऱ्या वेळेच्या पुढे गेली. तिथून पुढचं गाणं सतरा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. पुलावर रात्रभर उभ्या राहिलेल्या भावाचं कडवं तिने म्हटलं, माहेरची वाट बघणाऱ्या बहिणीचं म्हटलं, आणि शेवट करायला ती पहिल्या ओळीवर परत आली.

नीलिमाच्या गुडघ्याखाली सबीहाची पाठ थरथरू लागली. पुन्हा चावणार, असं वाटून नीलिमाने मनगट मागे घेतलं. सबीहा चावली नाही. तिचा गाल जमिनीला चिकटला होता, तोंडात रक्त आणि बिस्किटाचा भुगा होता. तिच्या तोंडून आधी नुसती हवा आली आणि मग आवाज.

"आऽह," सबीहा म्हणाली.

हळूच म्हणाली, पण वदादने ऐकलं. गाणं संपलं होतं. ऊदवाल्याने हात काढून घेतला होता. तरी वदाद खाली बसली, वाकली आणि रीतीप्रमाणे ती ओळ पुन्हा म्हणाली, तिच्यासाठी.

बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे जवळ येत होते. नीलिमाने गुडघा उचलला नाही. थोडा हलका केला, एवढंच.